लग्नाच्या दिवशी तापलेली गाडी

मुलीला लग्नाला माझ्याच गाडीतून नेणार, हे मी साखरपुड्यालाच जाहीर केलं होतं. व्याही एसी गाडी पाठवतो म्हणाले, ते मी उडवून लावलं. कांजूरमार्गला तीस वर्षं गॅरेज चालवतोय, बावीस वर्षांची ही पांढरी गाडी मीच सांभाळलीय, आणि आज दुसऱ्याच्या गाडीत बसू? जान्हवीसुद्धा दहावीपासून त्याच गॅरेजात माझ्याबरोबर हात काळे करते. आता ती खाडीपलीकडे मनोरीला नांदायला जाणार. तिथून रोज कांजूरला येशील का, हे मी तिला विचारलंच नव्हतं. नाही म्हणाली असती तर? तेवढी छाती माझ्यात नव्हती.

मार्वेच्या जेट्टीवर अनंता व्याही सजवलेली बोट घेऊन थांबणार होते. भरती उतरायच्या आत, अकरापर्यंत पोचायचं होतं. आरे कॉलनीत शिरलो आणि तापमानाचा काटा लाल पट्टीत जाऊन बसला. मी गाडी झाडाखाली घेतली आणि इंजिन बंद केलं.

"मी सांगी होतंय, भाड्याची गाडी करूया," मागच्या सीटवरून सुलक्षणा म्हणाली. माझी बायको. हे वाक्य तिने दोन महिने जपून ठेवलं होतं. वर पाण्याची बाटली पुढे केली. "घ्या, ओता."

"तापल्या इंजिनावर गार पाणी ओतलं तर हेड तडकेल. आणि रेडिएटरचं झाकण आत्ता उघडलं तर माझं तोंड भाजेल. गप बस."

पुढच्या झेंडूच्या माळा तुटू नयेत म्हणून त्या हलकेच सारून मी बॉनेट उघडलं. कूलंटची बाटली भरलेली. पाइप कुठेच गळत नव्हता. बॅटरीवरचा पंखा अजून गरगर फिरत होता. ऑइलची काडी ओढून बघितली, तेल दुधाळ नव्हतं, म्हणजे हेड गॅस्केटही शाबूत. सगळं ठीक, तरी गाडी तापलेली. गिऱ्हाइकाने असं सांगितलं असतं तर मी त्यालाच वेड्यात काढलं असतं.

फोन वाजला. अनंता व्याही. "व्याही, पानी उतरलं का बोट चिखलात बसल."

"आलोच," मी ठोकून दिलं. अजून मालाडसुद्धा आलं नव्हतं.

जान्हवी खाली उतरली. शालूचा पदर खोचला, मुंडावळ्या मागे टाकल्या. "बाबा, काटा कधी चढला? सिग्नलला की पळताना?"

"पवईपासून पळताना. सिग्नलला बरा होता."

"मग पंखा नाही. पळताना वाराच रेडिएटर गार करतो. वारा कुठेतरी अडलाय."

ती वाकली, माळा वर उचलल्या आणि रेडिएटरपुढच्या जाळीकडे बोट दाखवलं.

माळांच्या मागे फ्लेक्स होता. 'जान्हवी वेड्स कृणाल'. काल मीच छापून आणला होता, आणि फडफडू नये म्हणून समोरच्या जाळीवर तारेने गच्च आवळला होता. बोटभर फट ठेवली नव्हती. कोणी जाळीपुढे पुठ्ठा लावून आलं तर मी पाव तास त्याचा उद्धार करतो.

"कोणी बांधलो ता?" सुलक्षणाने विचारलं. तिला चांगलं ठाऊक होतं.

जान्हवीने माझ्याकडून पक्कड घेतली आणि मेंदीच्या हातांनी चार तारा कापल्या. फ्लेक्स आम्ही टपावर बांधला. इंजिन निवेपर्यंत वीस मिनिटं थांबलो. मला त्या वीस मिनिटांत कितीदा तरी रोज कांजूरला येण्याचं विचारावंसं वाटलं, पण विषय निघाला तो फक्त तारांचा. मग निघालो, तर काटा मार्वेपर्यंत मधल्या खुणेवरून हलला नाही.

बोट जेमतेम तरंगत होती. "ट्रॅफिक लागलं काय?" अनंतांनी विचारलं.

तीस वर्षांत मी कोणापुढे चूक कबूल केलेली नाही. पण त्या दिवशी खोटं बोलवेना. "नाही. चूक माझी होती. पोरीने पकडली."

अनंतांनी सुनेकडे बघितलं. "मंग आमचे बोटीचं इंजिन पन तापतंय. दोन मिस्त्री बगून गेले."

"उद्या बघते, पप्पा," जान्हवी म्हणाली. "परवा सोमवार. मला पहिल्या बोटीने निघायला लागेल. गॅरेज नऊला उघडतं ना."

तिच्यासाठी हे कधीच ठरलेलं होतं. मीच मूर्खासारखा दोन महिने झुरत बसलो होतो. मी गाडीकडे वळलो, बॉनेट उघडलं आणि आत डोकं घातलं.

"आता काय झाला?" सुलक्षणा मागून आली.

"काही नाही," मी म्हणालो. "कूलंट बघतोय."

तिने पदराच्या टोकाने माझे डोळे टिपले आणि ती बोटीकडे गेली.