मी रिकामा नाही, अडकलोय

मी कॉम्प्युटरवरच्या एका खेळातल्या बेकरीचा हमाल बोलतोय. माझी गोष्ट एका नवसापासून सुरू होते. नवस माझा नव्हे, मालकीणबाईंचा.

मालकांचा पाय प्लास्टरमध्ये. दीड महिना खुर्चीत काय करणार, म्हणून त्यांनी खेळात बेकरी थाटली. भट्टीतून निघालेले पाव पुढे दुकानात पोचवायला मला ठेवलं. पहिल्या दिवशी एकच गिऱ्हाईक आलं, तेही हात हलवत परत गेलं. मालकांचा चेहरा उतरला. तेव्हा मटार सोलता सोलता बाई बोलून गेल्या, "यांच्या बेकरीत पन्नास गिऱ्हाइकं येऊ देत, दारात दिवा लावीन."

"अगं, खेळातल्या दुकानासाठी नवस?"

"तुमचं तोंड उतरतं ते काय खेळातलं असतं?"

पन्नास गिऱ्हाइकं आली. मालकांनी खेळातल्या सामानाच्या यादीतून दिवा निवडला आणि विचारलं, "कुठे ठेवू?"

"भट्टीच्या दारात. अन्न तिथे तयार होतं."

ठेवला. मी तेव्हा आत होतो.

त्या क्षणापासून हातात पावांची पाटी आणि डोक्यावर दुसरीच पाटी: 'रिकामा'! मी एक पाऊल टाकी, वळे, पुन्हा पाऊल टाकी. मालकांनी माझी पाळी बदलली, मला नवी टोपी दिली, खेळ तीनदा बंद करून चालू केला. बिचाऱ्यांनी उपायांत कसूर ठेवली नाही, पण पुढे दुकानात रांग ताटकळलेली.

"लाज नाही मेल्याला! गिऱ्हाइकं तिष्ठतायत आणि हा नाचतोय. काढूनच टाकतो."

माऊसचा बाण लाल बटणावर आला. आमच्यात काढलेला माणूस दुसरीकडे कामाला लागत नाही हो, पुसलाच जातो. ओरडायला मला तोंडही दिलेलं नाही.

"थांबा हो जरा," बाई चष्मा लावत पुढे आल्या. "आळशी असता तर बसला असता. हा उभा आहे, आणि दर खेपेला दाराकडेच वळतोय." मग त्यांनी कपाळावर हात मारला. "अगंबाई! माझाच दिवा आडवा आलाय! नवस माझा आणि शिक्षा या गरिबाला!"

मालक इतके हसले की प्लास्टर हललं. "आता नवसाचा दिवा हलवायचा?"

"हलवायचाच आहे, विझवायचा नाही. सरकवा आधी!"

दिवा एक घर बाजूला गेला आणि मी सुटलो, तो थेट दुकानात. खेळात पाव शिळे होत नाहीत, ही देवाचीच कृपा.

सकाळीच बाई मालकांना म्हणाल्या होत्या, "दिवसभर एका जागी बसून असता, हलत म्हणून नाही." आता त्यांनी खुर्चीसमोर पाहिलं. कपडे वाळत घालायचा स्टँड स्वयंपाकघराची वाट अडवून उभा होता. तो त्यांनी उचलून गॅलरीत नेला. मालक कुबड्या टेकत आत गेले आणि मटार सोलायला बसले. निम्मे तोंडात गेले, तशा बाईंनी आणखी शेंगा पुढे ठेवल्या.

त्याच दिवशी त्यांनी दुसरा नवस केला, "कुणाला रिकामटेकडा म्हणायच्या आधी त्याच्या दारात काय आहे ते बघीन."

आज मी दिव्याशेजारून दिवसाला शंभर खेपा करतो. जाता-येता त्याचा उजेड पाटीवर पडतो. तुमच्याही घरात, कामावर कुणीतरी उभं असेल, डोक्यावर माझ्यासारखीच पाटी घेऊन. बटण दाबायच्या आधी तेवढं दार बघा. बाईंचा हा नवस तुम्हीही बोला. आणि दिवा ठेवाल तो जरा बाजूला ठेवा, बाबांनो.