पाच वर्षांत की पाच वर्षांनी

जेवणाची सुटी झाली, सगळे खाली गेले, तरी ती बैठकीच्या खोलीतून हलली नाही. तिच्या वहीत तिच्याच अक्षरात लिहिलं होतं, ‘कुलुपं : पाच वर्षांत शून्य.’ आणि तासाभरापूर्वी ती तोंडाने बोलली होती, ‘पाच वर्षांनी.’

दोन देशांच्या व्यापार कराराची बोलणी चालली होती आणि ती दुभाषी होती. तिकडचे प्रमुख, एक म्हातारे गृहस्थ, म्हणाले होते की बाहेरून येणाऱ्या कुलपांवरचा कर दरवर्षी थोडा थोडा उतरवून पाच वर्षांत काढून टाका. तिने सांगितलं, पाच वर्षं आहे तसा ठेवा, मग काढा. इकडच्या प्रमुख बाईंनी खुशीत मान डोलावली आणि पुढचा विषय निघाला.

अकरा वर्षांत अशी चूक तिच्या हातून झाली नव्हती. पण तिच्या सख्ख्या भावाचा कुलपांचाच कारखाना होता. बेचाळीस माणसं कामाला.

दोन्ही भाषांतले मसुदे तिच्याच हाताखालून जाणार होते. ज्याला जे ऐकू आलं तेच त्याच्या कागदावर आलं असतं आणि चार वाजता हसतखेळत सह्या झाल्या असत्या. भानगड बाहेर आली असती ती वर्षभराने, सीमेवर पहिला माल अडल्यावर. तिने वही मिटली, पुन्हा उघडली. खिडकीपाशी गेली, परत आली. शेवटी जिना उतरून थेट बाईंच्या टेबलाशी उभी राहिली.

“बाई, कुलपांच्या कलमात माझी चूक झालीय.”

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. “अगं, त्याच्या भरवशावर मी पुढची तीन कलमं सोडून दिली!”

“म्हणूनच आत्ता सांगतेय. आणि अजून एक. माझ्या भावाचा कुलपांचा कारखाना आहे.”

बाईंनी चमचा खाली ठेवला. “हे पहिल्या दिवशी सांगायचं असतं.”

“कुणी विचारलं नाही.”

“विचारायची वाट बघत होतीस?”

बाई तिला तशाच म्हाताऱ्यांकडे घेऊन गेल्या आणि तिला स्वतःची चूक त्यांच्या भाषेत सांगावी लागली. म्हातारे शांतपणे म्हणाले, “ठीक आहे. कलम उघडलंच आहे, तर आता आम्ही चार वर्षं म्हणतो.”

हे मात्र तिने शब्दशः बाईंना सांगितलं. बाईंच्या कपाळावरची शीर उडायला लागली.

दुसरा दुभाषी आला. ती बाहेर लिफ्टपासून पाण्याच्या मशीनपर्यंत येरझाऱ्या घालत राहिली. आतून आवाज चढायचे, उतरायचे, शब्द काही कळायचे नाहीत. सात वाजता बाई बाहेर आल्या. “दोन वर्षं कर तसाच. मग चार वर्षांत हळूहळू शून्य. आणि ते आपल्या कारागिरांना नव्या यंत्रांचं शिक्षण देणार. त्यासाठी दोन कलमं मला हातची घालवावी लागली. तू उद्यापासून येऊ नकोस.”

करार जाहीर झाल्यावर ती दादाकडे गेली. तो कारखान्यातल्या लोखंडी टेबलावर वर्तमानपत्र पसरून बसला होता.

“दोन वर्षं म्हणजे काय गं? चुटकीसरशी जातील,” तो म्हणाला. मग जरा थांबून, “ते शिक्षण देणार म्हणतात, त्यात माझे दोघं घुसव की. अर्ज कुठे करायचा, विचार ना तुझ्या बाईंना.”

“मला त्या कामावरून काढलंय, दादा.”

“का?”

तिने सगळं सांगितलं, काही न वगळता. वहिनी खोकी बांधता बांधता थांबली. दादाने वर्तमानपत्राची घडी घातली, ती नीट बसली नाही म्हणून परत घातली.

“म्हणजे गप्प बसली असतीस तर पाच वर्षं पुरी मिळाली असती.”

“एक वर्ष मिळालं असतं. मग नुसती भांडणं.”

दादाने वर्तमानपत्र बाजूला सारलं. “खरं सांग. तोंडून चुकून गेलं की माझ्यासाठी?”

“तेच मला कळत नाहीये, दादा,” ती म्हणाली. “रोज विचार करतेय.”