अर्ध्या मिलिमीटरचं दार

मामाने फवारणीचा पंप भरून पॉलिहाऊसच्या दाराशी ठेवला होता. "जेवण झालं की मी फवारणार," तो म्हणाला. "तोपर्यंत तुझ्या त्या कॅमेऱ्याला काय विचारायचं ते विचारून घे."

मामाची रोपांची नर्सरी आहे. पॉलिहाऊसमध्ये टोमॅटोची रोपं हातभर वाढली होती आणि सकाळी पानं चाळताना त्याला अंडी सापडली. फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग पानावर एकेकटी अंडी टाकत जातो. एक अंडं म्हणजे खसखशीच्या दाण्याच्याही निम्मं. त्यातली काही अंडी दुधाळ होती आणि बरीच काळी. भांडण या काळ्या अंड्यांवरून होतं.

माझं म्हणणं असं की काळ्या अंड्यांमध्ये आता अळी उरलीच नाही. एक बारीकशी परोपजीवी माशी असते, ती पतंगाच्या अंड्यात आपली अंडी घालते. तिची पिल्लं आतला सगळा ऐवज खाऊन टाकतात आणि अंडं काळं पडतं. तिथून पतंगाची अळी नाही, ती माशीच बाहेर येते. फवारलं तर आपल्या बाजूने लढणारीच मरणार.

"अशी माशी असते हे मला ठाऊक आहे," मामा म्हणाला. "पण अळी निघायच्या आदल्या दिवशीही अंडं काळवंडतं. तिचं डोकं आतून दिसतं म्हणून. गेल्या वर्षी मी काळी अंडी बघून दोन दिवस थांबलो आणि निम्मी रोपं गेली. एकदा अळी शेंड्यात शिरली की वरून कितीही फवार, तिला शॉवर घेतल्यासारखं वाटतं."

तो खोटं बोलत नव्हता. साध्या हातभिंगातून दोन्ही अंडी काळा ठिपकाच दिसतात. नुसत्या डोक्यामुळे काळं झालेलं अंडं वरच्या टोकालाच गडद असतं, सगळंच्या सगळं नाही, पण एवढा फरक बघायला भिंग बरंच मोठं लागतं. म्हणून मी एक पान देठासकट कापून आणलं. त्यावर एक काळं अंडं होतं आणि त्याला जवळजवळ चिकटून एक दुधाळ. देठ ओल्या कापसात गुंडाळून मी ते मामीच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर पक्कं बसवलं. हे टेबल सिमेंटच्या ओट्याला टेकलेलं आहे, घरात सगळ्यात कमी हलतं ते हेच.

"टेबल दिलं म्हणजे जेवायचं कुठे?" मामीने विचारलं.

"हातात ताट घेऊन."

"बघा, भाची शास्त्रज्ञ झाली की असे दिवस येतात," ती मामाला म्हणाली आणि निमूटपणे भाजीची परात उचलून खाली बसली.

माझ्या कॅमेऱ्याला पुढे मायक्रोस्कोपचं भिंग जोडलेलं आहे, मध्ये लांबट पोकळ नळ्या. भिंग अंड्यापासून बोटभर अंतरावर येतं. उजेडासाठी दोन टेबललॅम्प, पण त्यांचा प्रकाश थेट पडला तर अंड्यावर नुसते पांढरे चट्टे उठतात. म्हणून एक पांढरा प्लॅस्टिकचा पेला तळाशी कापून अंड्याभोवती उभा केला. पेल्यातून गाळून येणारा उजेड सगळ्या बाजूंनी सारखा पडतो, ढगाळ दिवसासारखा.

अडचण उजेडाची नसते, खोलीची असते. इतक्या जवळून बघताना भिंगाला एका वेळी फक्त एक पातळ पापुद्रा स्पष्ट दिसतो, केसाच्या जाडीचा जेमतेम विसावा भाग. त्याच्या पुढचं आणि मागचं सगळं धुकं. म्हणून कॅमेरा एका सरकपट्टीवर बसवायचा, तिचा स्क्रू कणभर फिरवायचा, थांबायचं, थरथर विरू द्यायची, फोटो घ्यायचा, पुन्हा कणभर. अंड्याच्या माथ्यापासून बुडापर्यंत असे पापुद्रे घेत जायचे. मग संगणकातला प्रोग्रॅम प्रत्येक फोटोतला तेवढाच स्पष्ट भाग उचलतो आणि सगळे तुकडे शिवून एक चित्र तयार करतो. या कामाची अट एकच, तोवर काही हलता कामा नये.

मी फ्रिज बंद केला, पंखा बंद केला. मामीला सांगितलं की कांदा चिरायचा असेल तर अंगणात.

शेवटचा फोटो झाला, चित्र शिवून पडद्यावर आलं आणि मी कपाळाला हात लावला. अंड्याच्या कवचावरच्या उभ्या कडा, खरबुजाच्या फाकांसारख्या, एकूण एक स्वच्छ आलेल्या होत्या. पण वरच्या बाजूला एक भलताच घोळ होता. वेडावाकडा खड्डा, त्याची कड दोनदा उमटलेली, आणि खड्ड्याच्या तोंडाशी चिमट्यासारखं काहीतरी, एक नाही, तीन. तिन्ही एकमेकांवर चढलेले, अर्धवट पारदर्शक.

"हललं," मी म्हणाले. "मामी, तू उठलीस ना मध्ये?"

"मी? मी तर श्वाससुद्धा हप्त्याहप्त्याने घेत होते."

"मग मामा बाहेर ट्रे ओढत होता."

"झालं," मामा दारातून म्हणाला. "आता धरणीकंप झाला तरी माझ्यामुळेच. तीन जबड्यांचा किडा आहे का तुमच्या पुस्तकात?"

मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला स्क्रू मागे फिरवला आणि तिथेच थांबले. टेबल हललं असतं तर सगळं हललं असतं. कडा दुहेरी आल्या असत्या, शेजारच्या दुधाळ अंड्याच्या कडाही. त्या तर सुईने कोरल्यासारख्या होत्या. पानावरचा एकेक केस जागच्या जागी होता. हललं होतं ते फक्त खड्ड्यातलं. चित्र बिघडवलं होतं ते टेबलाने नाही, ज्याचं चित्र मी काढत होते त्याने.

शिवलेलं चित्र बाजूला ठेवून मी मूळ फोटो एकामागून एक लावले. पहिल्या काही फोटोंत अंडं सलग काळं होतं. मग एक टोचल्यासारखा ठिपका. मग ठिपक्याचं छिद्र. पुढच्या फोटोत छिद्राच्या कडेवर दोन बारीक तपकिरी दाते टेकलेले, त्याच्या पुढच्यात ते दाते थोडे सरकलेले, छिद्र तेवढंच मोठं झालेलं. मी स्क्रू फिरवत होते त्या पाव तासात, अर्ध्या मिलिमीटरच्या कोठडीत कोणीतरी भिंत कुरतडत होतं. आणि मी मामीला कांदा चिरू देत नव्हते.

"मामा," मी म्हणाले, "आत जिवंत आहे. बाहेर येतंय."

तो आला, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि पडद्याजवळ वाकला. फोटो पुढेमागे करून बघितले. मग सरळ झाला.

"अळीसुद्धा अशीच निघते," तो म्हणाला. "कवच कुरतडूनच. तू मला हेच दाखवलंस की फवारायला उशीर होतोय."

छिद्र कोणाचं आहे हे छिद्रावरून कळत नाही. अंडं सगळंच काळं आहे असं मी म्हटलं, पण लॅम्पच्या उजेडात काळ्याच्या छटा सांगणं म्हणजे आपल्याला हवं तेच वाचणं, हे त्यालाही कळत होतं आणि मलाही. तो दाराकडे वळला. पंपाचा पट्टा खांद्यावर घेतल्याचा आवाज आला.

"अहो, भाजी अजून शिजलेली नाही," मामी म्हणाली. "जेवण झाल्यावर म्हणाला होतात. शब्द म्हणून काही असतो."

पट्टा पुन्हा खाली आला. मामा परत येऊन स्टुलावर बसला. मी फोटो घेणं सोडून दिलं आणि कॅमेऱ्याला जे दिसतंय तेच सरळ पडद्यावर जोडलं. स्पष्ट पापुद्रा मी छिद्राच्या तोंडाशी आणून ठेवला.

बराच वेळ नुसते दाते दिसत होते. यायचे, कडेचा एक कण तोडायचे, आत जायचे. मध्येच थांबायचे, तेव्हा आम्हीही थांबायचो. मग छिद्रातून काहीतरी बाहेर आलं, काडीसारखं. ते मध्ये कोपरासारखं वाकलं आणि त्याच्या टोकाने कवचाचा बाहेरचा भाग चाचपला.

"ही मिशी आहे," मी हळूच म्हणाले. "अळीला अशी नसते."

दुसरी मिशी आली. मग छिद्र एकदम लाल झालं. छिद्राएवढाच एक लाल डोळा होता तो, शेकडो बारीक पैलूंचा, आणि त्या प्रत्येक पैलूवर आमच्या लॅम्पचा एकेक ठिपका चमकत होता. डोकं तिरकं होऊन अडकलं, पुन्हा फिरलं, आणि एक पाय बाहेर येऊन कडेला टेकला. आपण विहिरीतून वर येताना हात टेकवतो तसा. मग खांदा, मग चुरगळलेले पंख, मग सगळा जीव कवचावर उभा राहिला.

बाहेरची हवा लागली तसे पंख पसरले. पारदर्शक, कडेला लांब केसांची झालर, आणि पंखावर आणखी केस, शिस्तीत ओळीने लावलेले. हे सगळं धुळीच्या कणाएवढ्या जागेत. यात मेंदू आहे, मी मनात म्हणत होते, पोट आहे, चालायचं कसं, उडायचं कसं हे यात कुठेतरी ठेवलेलं आहे. मी हे पुस्तकात वाचलं होतं, त्याच्यावर परीक्षा दिली होती. तरी स्क्रू फिरवायचं मी विसरले होते.

माशी उडाली नाही. छिद्राशीच उभी राहून मिश्या पुसत बसली.

"का जात नाही?" मामीने विचारलं. तीही आता मामाच्या खांद्यावरून बघत होती.

"तो नर आहे. आतून माद्या येतील, त्यांच्यासाठी थांबलाय."

"बाई गं. बायको आवरेपर्यंत दारात गप्प उभा. अहो, नीट बघून ठेवा."

मामाने तिच्याकडे बघितलं नाही. त्याचं नाक पडद्याला टेकायचं बाकी होतं. त्याच छिद्रातून दुसरी माशी आली आणि तिच्यामागून तिसरी. एका अंड्यातून. नराची गाठ घेऊन त्यातली एक कवचावरून खाली उतरली, पानाचे केस झाडांसारखे ओलांडत शेजारच्या दुधाळ अंड्यापाशी पोचली आणि त्याच्यावर चढली. ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेली, मिश्यांनी पावलापावलाला कवच ठोकत. मग आडवी गेली.

"काय करतेय?" मामाने कुजबुजत विचारलं.

"मापतेय. अंडं केवढं आहे त्यावर आत किती घालायची ते ठरवते."

ती थांबली. मागचं टोक खाली वाकवून तिने कवचावर टेकवलं आणि अंग जोर लावल्यासारखं ताठ केलं. आता तिच्यात काही हलत नव्हतं. मला हवा होता तेवढा स्थिरपणा तिने आपणहून दिला होता, पण मी फोटो घेतला नाही.

"हे दुधाळ अंडं," मामा म्हणाला, "आता काळं पडणार."

"तीन-चार दिवसांत."

मग त्याने मामीला विचारलं, भिंग कुठे आहे, ते टपालाच्या तिकिटांचं. मामीने कपाटातून काढून दिलं.

"पानागणिक काळी किती आणि दुधाळ किती ते बघायला हवं," तो मला म्हणाला. "काळी जास्त असतील तर थांबतो. ज्या काळ्या अंड्याची शंका येईल ते पान तू कॅमेऱ्याखाली घे. ज्या ट्रेमध्ये नुसती दुधाळच आहेत तेवढे बाहेर काढून वेगळे फवारीन. मान्य?"

"मान्य. पण मामा, भाजी शिजलीये."

"असू दे."

तो उठला आणि दारापर्यंत चालत गेला, नेहमीच्या धाडधाड चालीने नाही, टाच अलगद टेकवत. टेबल हलू नये म्हणून.