दाराबाहेरच्या भेटी

सरकारी विमा योजनेचा तपासनीस येणार म्हटल्यावर केंद्रातल्या सिस्टरचं धाबंच दणाणलं. त्याला सगळे कात्रीसाहेब म्हणत. तो येऊन गेला की दवाखान्याच्या निधीला कात्री लागते, असा त्याचा लौकिक.

"येऊ दे की. आपण काय चोऱ्या करतो?" डॉक्टर म्हणाल्या. म्हणाल्या खऱ्या, पण धास्ती त्यांनाही होतीच. दुकानांच्या वरच्या दोन खोल्यांत त्यांनी हे मानसोपचार केंद्र उभं केलं होतं. येणाऱ्यांपैकी खिशातून फी देऊ शकणारं जवळजवळ कुणीच नव्हतं. विम्याने हात आखडता घेतला की दाराला कुलूप.

कात्रीसाहेब आले ते सरळ पेशंटांच्या बाकावर जाऊन बसले. अंगाने काटकुळे, मांडीवर जेवणाचा डबा, तोंडातून चकार शब्द नाही. शेजारच्या आजींना वाटलं, बिचारा नवा पेशंट दिसतोय.

"घाबरू नका हो," त्या म्हणाल्या, "पहिल्यांदा सगळ्यांनाच असं होतं. डॉक्टरबाई फार चांगल्या आहेत."

"बरं," कात्रीसाहेब गंभीरपणे म्हणाले.

दुपारी ते डॉक्टरांसमोर येऊन बसले. "जेवणाच्या वेळेत तुमचा फोन कुणी उचलत नाही. मी बाकावरूनच लावून पाहिला."

"सिस्टर दोन घास खात असतात."

"ज्याला जीव नकोसा झालाय, तो तुमची सुट्टी बघून फोन करत नाही, डॉक्टर."

डॉक्टरांना चटका बसला. खरं होतं म्हणूनच जास्त बसला.

"आणि बरेच पेशंट मध्येच यायचे थांबतात. ते का?"

"जे येत नाहीत, त्यांच्याकडे मी जाते."

"ते कुठे दिसत नाही."

"दिसणार कसं?" डॉक्टरांचा आवाज चढला. "तुमची योजना मोजते ती फक्त इथे, या खोलीत झालेली भेट!"

कात्रीसाहेबांनी विचारलं, "आज कुणाकडे जाणार आहात?"

"एका शिवणकाम करणाऱ्या बाईंकडे. पण तुम्हाला आत नेता येणार नाही."

"नकोच. मी जिन्यात बसेन. त्यांचं नावही सांगू नका."

त्या बाईंना भास व्हायचे. गोळ्या बंद करून त्यांनी स्वतःला कोंडून घेतलं होतं. खालच्या मजल्यावरची भावजय दाराशी जेवण ठेवायची आणि तसंच परत न्यायची. डॉक्टर दाराबाहेर फरशीवर बसल्या. गोळ्यांचं नावही काढलं नाही.

"अगं, हा माझा पांढरा कोट तूच शिवलास ना? खिसा उसवलाय बघ."

आतून हूं नाही की चूं नाही. डॉक्टर बोलत राहिल्या. कापडाबद्दल, गुडघेदुखीबद्दल, इकडचं तिकडचं. बऱ्याच वेळाने आतून बसका आवाज आला.

"डावा खिसा?"

"डावाच."

"किल्ल्या कोंबता त्यात. सांगितलं होतं तुम्हाला."

आणि कडी निघाली.

डॉक्टर खाली उतरल्या तेव्हा कात्रीसाहेब पायरीवर तसेच बसलेले, आणि शेजारी भावजय डोळे पुसतेय. "हीच भेट केंद्रात झाली असती तर?" कात्रीसाहेबांनी डॉक्टरांना विचारलं.

"झालीच नसती."

अहवाल आला. फोनबद्दलचे गुण कापलेले पाहून डॉक्टर घरी फणफणल्या, "कात्री ती कात्रीच!"

"अगं, पुढचं पान तरी वाच," नवरा म्हणाला.

पुढच्या पानावर शिफारस होती: पेशंटच्या दारी जाऊन झालेली भेट, दार उघडो न उघडो, योजनेने भेट म्हणून धरावी.

योजनेच्या समितीच्या बैठकीला डॉक्टरांनाही बोलावलं होतं. "बंद दाराशी बोलायचे पैसे?" एक सदस्य म्हणाले. "उद्या लोक भिंतीशी बोलून बिलं लावतील!" सगळे हसले.

कात्रीसाहेब उभे राहिले. नोंदी तपासायला ते मोठ्या इस्पितळात चार चकरा मारून आले होते. डॉक्टरांना याचा पत्ताही नव्हता. "या केंद्राचे पेशंट इस्पितळात भरती होतात ते इतर भागांतल्या पेशंटांच्या निम्म्यानेही नाहीत," ते म्हणाले. "खाटेचं बिल आपण मुकाट्याने भरतो. खाट लागू नये म्हणून जी बाई फरशीवर बसते, तिला मात्र हसतो. मी तिथे होतो. मला हसू आलं नाही."

बाहेरच्या भेटींना वर्षभरासाठी मंजुरी मिळाली, पुढचं पुढे.

डॉक्टरांनी त्यांना व्हरांड्यात गाठलं. "आभार कसे मानू?"

"मानू नका. फोनचे गुण परत मिळणार नाहीत."

"मागतंय कोण? आता आम्ही आळीपाळीने जेवतो."

बाहेरच्या भेटींचे पैसे येऊ लागले आणि महिनाभरात आणखी एक सिस्टर रुजू झाली. त्या दिवशी जेवताना डॉक्टर नवऱ्याला म्हणाल्या, "कात्रीसाहेबांसारखा माणूस माझ्या केंद्रात हवा होता बघ."

"छे," तो म्हणाला, "आहे तिथेच राहू दे. तिथे असा एक तरी नको का?"