ओझेलाच्या स्वयंपाकघरात मी काय ऐकलं

माझा थोरला, डर्विन, कॉलेजच्या फुटबॉल संघांचा असिस्टंट कोच होता. अकरा वर्षांत सहा कॉलेजं झाली. या धंद्याची रीतच तशी. संघ हरला की हेड कोचला काढतात, आणि हेड कोच गेला की त्याच्या हाताखालच्या सगळ्यांनी दुपारपर्यंत कपाटं रिकामी करायची. सून पुठ्ठ्याची खोकी घडी करून पलंगामागे ठेवायची, कधी फेकायची नाही. थोरल्या नातीला कुणी विचारलं, तू कुठली गं, तर ती आईच्या तोंडाकडे बघायची.

तरी मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला बोलू. मी सहावीत शाळा सोडून कापसात खुरपायला गेले. पुढे सव्वीस वर्षं मासळीच्या कारखान्यात कॅटफिशची डोकी उडवली. आणि माझा मुलगा टीव्हीवर दिसायचा, मैदानाच्या कडेला, कानाला यंत्र लावून, रेड्यासारख्या पोरांवर ओरडताना. चर्चमधल्या बायका म्हणायच्या, "सिस्टर टॉलिव्हर, काल तुमचा डर्विन दिसला."

मी म्हणायचे, "दिसणारच. तुमचा कुठे दिसला?"

पण असिस्टंटची नोकरी टिकते ती मैदानावर नाही, दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरात. चांगली पोरं हेरायची, त्यांच्या आयांपुढे बसायचं, त्या वाढतील ते खायचं आणि पोरगं आपल्या कॉलेजसाठी मागून न्यायचं. डर्विन दर हिवाळ्यात आमच्या मिसिसिपी डेल्टात यायचा, आणि आमच्या गावात मागणी असली की मला सोबत न्यायचा.

"आई, तू नुसती बस. तू बसलीस की बायकांना धीर येतो."

"मी काय पुतळा आहे?"

"पुतळा गप्प असतो. तुझं तेवढंच जमत नाही."

त्या वर्षी ओझेला पिट्सच्या घरी गेलो. ओझेला माझ्याच चर्चमधली, विधवा, शाळेत मुलांना जेवण वाढायची. तिचा एकुलता जॅव्हन, सव्वासहा फुटांचा, दारातून वाकून यायचा आणि आल्यावर आईच्या हातातला टॉवेल घेऊन भांडी पुसायचा. तीन कॉलेजं त्याच्या मागे होती. डर्विनला तो पाहिजेच होता. त्या साली मोठं पोरगं हाती लागलं नसतं तर हेड कोचने त्यालाच घरी पाठवलं असतं.

ओझेलाने पोर्क चॉप, पालेभाजी, मक्याचा पाव वाढला. केक कापता कापता म्हणाली, "डर्विन, एक सांगते. याच्या रक्तात सिकलसेल आहे. पूर्ण नाही, अर्धा. बापाकडून आलाय. एरवी काही होत नाही, पण उन्हात न थांबता पळवलं तर पाय जातात आणि श्वास कोंडतो. शाळेचा कोच त्याला मधे बसवायचा."

"बरं झालं सांगितलंत, मिस ओझेला. मी बघतो."

"कॉलेजच्या डॉक्टरला मी सांगायला हवं का?"

आणि मी, जिला कमी बोलायला सांगितलं होतं, ती बोलले. "अगं, माझ्या मुलाला सांगितलंस ना? मग झालं. तो काय परका आहे?"

ओझेला हसली. आमच्याकडे असंच चालतं. जो तुमच्या टेबलावर जेवला त्याला सांगितलं म्हणजे सगळ्या कॉलेजला सांगितलं. तेव्हा कॉलेजात सरसकट रक्त तपासत नव्हते. एक फॉर्म असायचा, त्यात आजाराची एक रेघ. तो फॉर्म डर्विननेच भरून नेला.

जुलैत दोन पोरं सरावाला उशिरा आली म्हणून हेड कोचने सगळ्यांना पळवलं. सकाळी नऊलाच डांबर मऊ पडावं असं ऊन. बाराव्या फेरीला जॅव्हन गुडघ्यावर आला. हेड कोच ओरडला, "ऊठ, नाटकं नकोत." पोरगं उठलं, अजून दीड फेरी पळालं आणि पडलं. संध्याकाळी हॉस्पिटलात वारलं. एकोणीस वर्षांचं होतं. डर्विन त्या वेळी हातात घड्याळ घेऊन फेऱ्या मोजत उभा होता.

अंत्ययात्रेत मी ओझेलाला धरलं होतं. तिने मला धरू दिलं. तोवर फॉर्मचं कुणाला माहीत नव्हतं.

ओझेलाने कॉलेजवर दावा लावला तेव्हा कळलं. आजाराची रेघ कोरी होती. कॉलेजचं म्हणणं, आम्हाला कुणी काही सांगितलंच नाही. ओझेलाचं म्हणणं, मी सांगितलं, माझ्या स्वयंपाकघरात, आणि तिथे व्हर्नेल टॉलिव्हर बसली होती. मला साक्षीला बोलावणं आलं. आदल्या रविवारी डर्विन सहा तास गाडी हाकत आला. खुर्चीवर बसला नाही.

"आई, तू काही ऐकलं नाहीस."

"मी बहिरी नाही."

"तू सिंकपाशी होतीस. भांडी धूत होतीस. नळ चालू होता."

"डर्विन, तू ती रेघ भरली का नाहीस?"

"भरली असती तर त्याची स्कॉलरशिप गेली असती. त्याला कुणी घेतलंच नसतं. मला वाटलं, मी आहे ना तिथे, मी बघेन."

"बघितलंस."

तो पाठ करून उभा राहिला. "दोन पोरी आहेत मला. एकदा यात माझं नाव आलं की पुन्हा कुठला हेड कोच मला उभं करणार नाही. मला दुसरं काही येत नाही, आई."

मी सहा कॉलेजांच्या टोप्या भिंतीवर टांगून ठेवल्या होत्या. मी म्हणाले, "बरं."

कोर्टाआधीची साक्ष वकिलाच्या ऑफिसात झाली. बायबलवर हात नव्हता, नुसता वर केला. ओझेला समोर, निळ्या हॅटमध्ये. एक पोरगी मशीनवर प्रत्येक शब्द टिपत होती. मी सांगितलं, मी भांडी धूत होते, नळ चालू होता, मला काही ऐकू आलं नाही. आवाज अजिबात कापला नाही. माझा आवाज कधी कापतच नाही.

बाहेर आल्यावर ओझेला माझ्यापाशी थांबली. ओरडेल असं वाटलं होतं.

"व्हर्नेल," ती म्हणाली. आजवर तिने मला सिस्टर टॉलिव्हरशिवाय हाक मारली नव्हती. "पंचवीस वर्षांत तू माझ्या घरी एक चमचा विसळलेला नाहीस. त्या दिवशी भांडी माझ्या जॅव्हनने धुतली."

आणि गेली.

तीन आठवड्यांनी टपालाने जाड पाकीट आलं. माझे शब्द छापून आले होते. तीस दिवसांत वाचा, काही चुकलं असेल तर सोबतच्या कोऱ्या कागदावर दुरुस्त करा, सही करून पाठवा. मला वाचायला वेळ लागतो, ओळीखाली बोट ठेवावं लागतं. दोन दिवस लागले. तोंडाने बोललेलं हवेत जातं असं मी आयुष्यभर धरून चालले होते. पण हे तिथेच होतं, पान चौदा. भांडी धूत होते. खाली नाव माझं. सहीची रेघ मोकळी.

पंधरा दिवस ते पाकीट फ्रिजवर पडून होतं. शेवटी कोऱ्या कागदावर मी लिहिलं: पान चौदा खोटं आहे. मी टेबलाशी बसले होते. ओझेलाने सिकलसेलचं सांगितलं आणि माझ्या मुलाने ऐकलं. मी म्हणाले डॉक्टरला सांगायची गरज नाही. अक्षर वेडंवाकडं होतं, पण लागत होतं. आधी डर्विनला फोन केला नाही. त्याचा आवाज ऐकला असता तर टपालाची पेटी दूर पडली असती.

कॉलेजने ओझेलाशी मिटवून घेतलं. डर्विनला त्याच आठवड्यात काढलं. हेड कोच पेपरात म्हणाला, आमच्या असिस्टंटने माहिती दडवली, आम्ही हादरून गेलोय. त्याला नोकरीची आणखी चार वर्षं वाढवून मिळाली. ओझेला मला ना काही म्हणाली, ना चर्चमध्ये माझ्या बाकावर बसली. मीही तिच्याकडे गेले नाही. काय तोंडाने जाणार?

डर्विन नोव्हेंबरात आला. या वेळी बसला. दाढी वाढलेली होती.

"आई, मी त्याला सांगितलं होतं."

"कुणाला?"

"हेड कोचला. फॉर्म हातात धरून सांगितलं. तो म्हणाला, रेघ कोरी सोड, उन्हाळ्यात बघू."

मी विचारलं, "कुणी ऐकलं?"

"कुणी नाही. दार बंद होतं."

"आणि मला हे आत्ता सांगतोस? मी ते पान लिहिण्याआधी का नाही बोललास? वकिलाला का नाही सांगितलंस?"

"असिस्टंट आपल्या हेड कोचवर बोलत नाही, आई. जो बोलतो त्याला कुणी ठेवत नाही."

"आता तुला कोण ठेवतंय?"

तो भिंतीवरच्या टोप्यांकडे बघू लागला.

"मग आता बोल," मी म्हणाले. "उद्या ओझेलाकडे चल माझ्याबरोबर. तिच्यासमोर बोल. ती मला दारात उभं करणार नाही, पण तुझं ऐकून घेईल."

"टेक्सासमधल्या एका लहान, दोन वर्षांच्या कॉलेजात जागा निघालीय," डर्विन म्हणाला. "तिथला हेड कोच मला ओळखतो. म्हणालाय, या आठवड्यात कळवतो. तोपर्यंत तू थांब. फक्त तोपर्यंत, आई."

त्याने फोन खिशातून काढून टेबलावर ठेवला, स्क्रीन वर करून. मी ताट वाढलं. तो जेवला नाही. फोनकडे बघत राहिला.