बदली महापौरांचा शेरा

शहरात त्याला बदली महापौर म्हणत. मूळ धंदा शिंप्याचा. उपमहापौर असल्यामुळे खुर्ची रिकामी पडली की ती आपसूक त्याच्याकडे यायची: एकदा महापौर वारले म्हणून, एकदा आजारी पडले म्हणून, आणि या खेपेला ते रागारागाने राजीनामा देऊन मोकळे झाले म्हणून. अकरा वर्षांत तीन वेळा, मिळून जेमतेम सहा महिने. माणूस म्हणजे गरीब गाय. खुर्चीतही अर्धाच टेकायचा.

कचेरीचा एक रिवाज होता. प्रभारी महापौराने फाइलीवर 'पाहिले' एवढाच शेरा मारायचा. मंजूर-नामंजूर करायला खरे महापौर येतीलच. हे कुठल्या पुस्तकात लिहिलं होतं देव जाणे, पण मुख्य लिपिकाने पहिल्याच दिवशी सांगितलं आणि शिंप्याने मान डोलावली. दुसऱ्याच्या कापडाला आपल्या मनाने कात्री लावायची त्याला सवयच नव्हती.

शेवटच्या आठवड्यात टेकडीवरच्या वस्तीच्या नळाची फाइल समोर आली. त्या वस्तीत त्याची थोरली बहीण राहायची. खालून पाणी चढवून चढवून तिचे गुडघे कामातून गेले होते. आपल्या माणसासाठी वशिला लावला असं कुणी म्हणायला नको, म्हणून त्याने त्या नळाची कधी साधी चौकशीही केली नव्हती.

फाइलीत सगळं तयार होतं. शेवटच्या पानावर एकाखाली एक दोन शेरे होते: 'पाहिले', 'पाहिले'. दोन्ही अक्षरं त्याचीच. महापौरांनी पाहिली म्हणजे काम झालं, असं समजून फाइली सांभाळणाऱ्या कारकुनाने दोन्ही वेळा ती कपाटात ठेवून दिली होती. खऱ्या महापौरांपर्यंत ती पोचलीच नव्हती. शिंप्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ही मी मंजूर करतोय," तो म्हणाला.

"साहेब, चार दिवसांत नवे येताहेत. कशाला हात पोळून घेता?"

"मला मनाई आहे असा नियम दाखवा."

लिपिकाने नियमांचं पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळलं. मग चष्मा काढून म्हणाला, "नियम असा नाही, साहेब. आपली पद्धत आहे."

शिंप्याने 'मंजूर' लिहून सही ठोकली.

चार महिन्यांनी टेकडीवर नळ आला. उद्घाटन नव्या महापौरांनी केलं. याला बोलवायचं राहूनच गेलं. दुसऱ्या दिवशी दुकान लवकर बंद करून तो बहिणीकडे गेला. नळाखाली बादली लावून ती शेजारी स्टुलावर बसली होती, खूश होती.

"तूच केलंस म्हणे! फार खटपट करावी लागली असेल ना रे?"

खोटं बोलणं त्याला कधी जमलं नाही. "नाही गं, ताई. एक शब्द लिहायचा होता. आणि सही."

"एवढंच?"

"एवढंच."

बादली भरली. तिने वाकून नळ बंद केला, गुडघा धरून पुन्हा बसली.

"मग पहिल्या खेपेलाच का नाही लिहिलास रे?"

तिच्या आवाजात राग असता तर त्याला बरं वाटलं असतं.