धाकट्याच्या मास्कला वाफ धरते

माझ्या हाताखालून गेलेला मास्क पाण्यात धुरकट झाला, असं या धक्क्यावर कधी कुणी म्हटलं नव्हतं. म्हणायची कुणाची टाप नव्हती. जहाजांच्या तळाचं शेवाळ खरवडायचं, पंख्यात गुंतलेले दोर नि जाळी कापायची, हे आमच्या पाणबुड्यांचं काम. त्यांचं सगळं सामान धुऊन-पुसून ठेवायची खोली माझ्या ताब्यात. नवरा पाणबुड्या होता तेव्हापासूनची. तो गेला, खोली राहिली, आणि माझी जीभही राहिली.

मास्कचं म्हणाल तर त्यात जादू काही नाही. नव्या काचेला आतून एक चिकट थर असतो, डोळ्यांना दिसत नाही. साधी पांढरी टूथपेस्ट बोटावर घेऊन घासायची, धुवायची, परत घासायची. काचेवर बोट कुईकुई करायला लागलं की थर गेला समजायचं. मग पाण्यात उतरताना काचेवर थुंकायचं, थुंकी सगळीकडे फिरवायची आणि मास्क एकदाच पाण्यातून बुचकळून काढायचा. ज्यांना स्वतःच्याच थुंकीची किळस येते अशा नवाबांसाठी लहान मुलांचा शाम्पू पातळ करून बाटलीत ठेवलेला असतो. आणि मास्क कपाळावर चढवून गप्पा छाटत उभं राहायचं नाही, घामाच्या वाफेने काच आतून भरते. एवढंच. पण एवढंही न सांगता करतील तर ते पुरुष कसले.

आणि नेमकी माझ्या पोटच्या पोराच्या मास्कला वाफ धरायला लागली.

पहिल्यांदा धाकटा अर्ध्या कामातून वर आला. "आई, काही दिसत नाही गं." मी त्यालाच झापलं, थुंकायला विसरला असशील म्हणून. दुसऱ्यांदा मी स्वतः काच घासली. तिसऱ्यांदा लायटरची ज्योत आतून फिरवून काच काळी केली आणि पुसून लख्ख केली. शेवटी मास्कच नवा काढला. तरी गडी उतरला की थोड्या वेळात वर हजर, काच दुधासारखी पांढरी.

बाकीच्यांना तेवढंच हवं होतं. जाड्या म्हणून आमचा एक पाणबुड्या आहे, तो सगळ्यांदेखत म्हणाला, "मावशी, वय झालं आता. नीट दिसत नसेल तुम्हाला."

"तुझं पोट दिसतंय ना मला, मग बाकीचं जग दिसतंच," मी म्हटलं.

सगळे हसले, पण जाड्याचं बोलणं आत रुतून बसलं. घरी सुनेने भर घातली. "सासूबाई, यांचा मास्क मी घासू का आजपासून? खाली दिसलं नाही आणि काही झालं म्हणजे?" बोलताना तिचा आवाज कापत होता. ती मला हिणवत नव्हती, हे कळत होतं. तरी झोंबायचं ते झोंबलंच.

दुसऱ्या दिवशी सगळे जेवायला गेल्यावर मी खोलीचं दार लोटलं. सामान धुवायची मोठी टाकी भरलेलीच होती. धाकट्याचा मास्क घेतला, तोंडावर गार पाणी मारलं, मास्क चढवला, सिलिंडरची नळी तोंडात धरली आणि टाकीत डोकं खुपसलं. म्हातारीला या अवस्थेत कुणी बघितलं असतं तर धक्क्यावर वर्षभराची करमणूक झाली असती. टाकीच्या तळाचं बूच दिसलं, त्याच्याभोवतीचा गंज दिसला, कुणाच्या तरी सदऱ्याचं बटण दिसलं. मान दुखायला लागेपर्यंत बघत राहिले. काच स्वच्छ ती स्वच्छच.

मग धाकट्याला हाक मारली. "बस इथं. घाल मास्क."

"इथं? कशाला?"

"आईने सांगितलं म्हणून."

तो स्टुलावर बसला. मास्क घातला आणि टाकीतल्या पाण्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. अजून टाकीत बोटही घातलं नव्हतं. नाकाशी एक ढग उठला आणि वर चढत गेला.

"तोंडाने श्वास घे, तोंडाने सोड."

"तेच करतोय."

करत नव्हता. नाकाने फुसफुसत होता, कान लाल झाले होते. बघता बघता त्याचे डोळे दिसेनासे झाले. चांगल्या काचेला वाफ कशाने धरते हे मला कुणी शिकवायला नको. चेहरा तापला आणि श्वास नाकावाटे बाहेर पडला की धरते. पण टाकीसमोर बसल्या बसल्या ज्याचा चेहरा तापतो, त्याची काच घासून काय होणार?

मी त्याचा मास्क काढला. "खाली काय झालं?"

"कुठं काय?"

"माझ्याकडे बघून सांग."

तो टाकीकडेच बघत राहिला. "मागे ते मोठं जहाज लागलं होतं ना, त्याच्या पंख्यात जाळं होतं. मी कापत होतो, ते मागून सिलिंडरवर आलं. वळता येईना. सुरी हातातून सुटली. वर कसा आलो ते मला अजून आठवत नाही."

"आणि हे पोटात ठेवून रोज उतरतोस? कुणाला सांगितलं का नाहीस?"

"कुणाला सांगू? मुकादमाला सांगितलं तर तो दुसरा माणूस उभा करेल. हिला सांगितलं तर ही घराबाहेर पडू देणार नाही."

"मला सांगायचं."

"तू म्हणाली असतीस, तुझा बाप कधी घाबरला नाही."

मी त्याचा मास्क पुसून बाजूला ठेवला.

"तेच जहाज उद्या परत येतंय," तो म्हणाला. "राहिलेलं जाळं काढायला. मीच उतरायचं, जागा माझ्या माहितीची आहे म्हणून."

सकाळी जहाज लागलं. मुकादम धक्क्याच्या कडेला उभा राहून हात हलवत होता. धाकट्याने अंगावर सगळं चढवलं होतं. ओठ पांढरे, मास्क हातात. मी पुढे झाले.

"आज याला उतरवू नको. मास्क बरोबर झालेला नाही माझ्याकडून."

मुकादम म्हणाला, "तुमच्याकडून, काकू?"

"हो, माझ्याकडून. ऐकू येत नाही का? हात चालत नाहीत आता पूर्वीसारखे."

त्याआधी कुणी माझी जीभ उपटली असती तरी मी हे वाक्य बोलले नसते. जाड्यासुद्धा खाली मान घालून उभा राहिला. पण मुकादमाने शांतपणे माझ्या खोलीच्या दारातल्या खुंटीवरचा स्वतःचा मास्क काढला. "मग हा घे. हाही काकूंनीच घासलाय, पण मी वापरून बघितलाय. उत्तम आहे. चल, उतर."

संपलं माझं खोटं. धाकट्याने तो मास्क हातात घेतला, उलटसुलट केला. मला वाटलं, आता हा घालणार आणि जाणार.

"काच याचीही चांगली आहे आणि माझीही," तो म्हणाला. "आईचा हात चुकलेला नाही. मला भीती वाटते. मागच्या वेळी मी जाळ्यात अडकलो होतो, सांगितलं नाही कुणाला."

मुकादमाने त्याच्या हातातून आपला मास्क काढून घेतला. "भीती वाटत असेल तर घरी बस. माणसं पुष्कळ आहेत. जाड्या, तू तयार हो."

"तुझे बूट शेवटचे कधी भिजले रे, मुकादम?" मी म्हटलं. कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. मुकादमाने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

जाड्या तयार होऊन माझ्याकडे आला. काचेवर थुंकला, बुचकळली, मास्क चढवला, पुन्हा काढला. "मावशी, जरा बघता का? याला पण धरतेय."

नाकाशी पांढरा डाग होता. मी अंगठा फिरवून बघितला, काच कुईकुई करत होती. मी त्याच्याकडे बघितलं, त्याने माझ्याकडे. चेष्टा करायची आम्हा दोघांनाही सुचली नाही.

त्याने माझ्या खांद्यावरून धाकट्याला विचारलं, "जाळं कुठल्या अंगाला आहे रे?"

धाकटा जवळ आला. हवेत हाताने पंखा काढून दाखवला. "इथून वर गुंडाळलंय. एक तुकडा सुटा लोंबतोय, तोच मागून येतो. डावीकडून जाऊ नकोस. जाळ्याला पाठ द्यायची नाही. आणि सुरी मनगटाला बांध." मग खोलीतून दोर आणून त्याने जाड्याच्या कमरेला गाठ मारली. "दुसरं टोक माझ्या हातात आहे. दोन हिसके दिलेस की ओढतो."

"दोराची काय गरज? वेळ जातोय," मुकादम म्हणाला. कुणी त्याच्याकडे बघितलंही नाही.

जाड्या पायऱ्यांवरून उतरला आणि दिसेनासा झाला. धाकट्याच्या बोटांतून दोर सरकत गेला, थांबला, परत सरकला. जहाजाच्या मागच्या अंगाला बुडबुडे फुटायला लागले. मध्येच ते बंद झाले. धाकट्याने दोर ताणून धरला, ओढला नाही. मला त्याचा श्वास ऐकू येत होता. मग बुडबुडे थोडे पुढे, पंख्यापाशी दिसले.

मुकादम घड्याळ बघत कडेला येऊन उभा राहिला, नेमका माझ्या पुढ्यात.

"बाजूला हो," मी म्हटलं. "मला पाणी दिसत नाहीये."